पुरुषांना 'तिथे' येणारा वास: कशामुळे येतो आणि काय करायचं

जुलैतली संध्याकाळ होती, बाहेर भुरभुर पाऊस. माझं मेडिकलचं दुकान पुण्यातल्या नवी पेठेत आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांतलाच एक जण दुकानासमोर आला, गर्दी बघून बाजूला सरकला आणि मोबाइल चाळत उभा राहिला. शेवटच्या आजी बीपीच्या गोळ्या घेऊन गेल्या तसा तो पुढे आला आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. पुरुषांसाठीच्या 'इंटिमेट वॉश'ची जाहिरात होती.

"काका, हे आहे का?"

"आहे. पण कशासाठी हवंय?"

त्यानं एकदा मागे वळून बघितलं. "खाली वास येतो. रोज अंघोळ करतो, तरी येतो."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. रिक्षावाले 'जांघेत' म्हणतात, आयटीतली मुलं 'प्रायव्हेट पार्ट' म्हणतात, पेन्शनर मंडळी नुसतंच 'जागेवर' म्हणतात. शब्द वेगळे, आवाज मात्र सगळ्यांचाच खाली गेलेला. अलीकडे मोबाइलवर अशा जाहिराती वाढल्यात, त्यामुळे विचारणारेही वाढलेत. जाहिरात असं गृहीत धरते की तुमचं शरीर मुळातच घाण आहे आणि ते साफ करायला एक बाटली लागते. मला हे पटत नाही. बहुतेकांना बाटलीची गरज नसते. ज्यांना खरोखर औषध लागतं, त्यांचे त्या बाटलीपायी महिनेच्या महिने वाया जातात. म्हणून त्या मुलाला काउंटरवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

## घामाला मुळात वास नसतो

आपल्या अंगात घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या अंगभर पसरलेल्या. त्यांचा घाम खारट पाण्यासारखा, अंग थंड ठेवायचं त्याचं काम. दुसऱ्या मोजक्याच ठिकाणी असतात, मुख्यतः काखेत आणि जांघेच्या भागात. या दुसऱ्या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात आणि त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनंही असतात. ताजा असताना या घामालाही जवळजवळ वास नसतो.

मग वास येतो कुठून? घरी दही लावतो ते आठवा. दूध चांगलं असतं, विरजणही घाण नसतं. पण विरजण लावून भांडं उबेला झाकून ठेवलं की सकाळी आंबट वास येणारच. इथे घाम हे दूध, कातडीवर कायम वस्तीला असलेले जिवाणू हे विरजण आणि जीन्सच्या आतली बेचक्याची जागा हे उबेला ठेवलेलं भांडं. जिवाणू घामातले पदार्थ फोडतात, त्यातून वास तयार होतो. हे जिवाणू सगळे मारता येत नाहीत आणि मारूही नयेत, कारण बाहेरच्या रोगजंतूंना जागा न देण्याचं काम तेच करतात. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: साचलेला घाम वेळच्या वेळी धुऊन टाकणं आणि ती ऊब, ती ओल काढून घेणं.

दिवसभर काम करून आलेल्या निरोगी पुरुषाला संध्याकाळी थोडा वास येतोच. तो आजार नव्हे, की अस्वच्छपणाही नव्हे.

त्या मुलाला मी त्याचा दिवस विचारला. सकाळी सात ते रात्री अकरा अभ्यासिकेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, घट्ट जीन्समध्ये. खोलीत सहा जण, बाथरूम एक, कपडे वाळत घालायची दोरी खोलीतच. अंडरवेअर तीन. पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून सकाळी अर्धवट ओलीच चढवायची. त्याचं उत्तर बाटलीत नव्हतंच, त्या दोरीवर होतं.

## रोज अंघोळ करूनही वास का?

कारण अंघोळीचं पाणी एका जागी पोचतच नाही.

प्रेशर कुकर रोज घासला, झाकण घासलं, पण झाकणाची रबरी रिंग काढून धुतलीच नाही तर काय होतं ते घरात स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही विचारा. कुकर लखलखीत आणि वास मात्र कायम. शिश्नाच्या टोकावरच्या कातडीखाली नेमकं हेच होतं. तिथे झडलेल्या पेशी, कातडीचा तेलकटपणा आणि ओल मिळून एक पांढरट मळ जमतो. तो जमणं अगदी नैसर्गिक आहे. पण दोन-चार दिवस तसाच राहिला की त्याला उग्र वास येतो आणि पुढे तिथली कातडी लाल होऊन चुरचुरायला लागते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. अंघोळ करताना कातडी हलक्या हाताने, सहज जाईल तेवढी मागे घ्यायची, कोमट किंवा साध्या पाण्याने तो भाग धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि कातडी आठवणीने पुढे आणायची. हे शेवटचं विसरू नका. कातडी मागेच अडकून टोकाला सूज आली आणि ती पुढे येईना, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

एवढी साधी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. आई सातव्या-आठव्या वर्षी अंघोळ घालायची थांबते आणि वडील बोलत नाहीत. माझ्या वडिलांनीही सांगितलं नव्हतं. माझा मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा तो टॉवेल घेऊन बाथरूमकडे निघालेला असताना मी त्याला हे दोन वाक्यांत सांगितलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, पण सांगून झालं.

लहान बाळांच्या बाबतीत मात्र उलटं. बाळाची ही कातडी टोकाला चिकटलेलीच असते आणि वय वाढेल तशी आपोआप सुटी होते, कुणाची लवकर, कुणाची किशोरवयापर्यंत. मालिश करणाऱ्या बाई किंवा घरातलं कोणी वडीलधारं "रोज मागे ओढा, नाहीतर पुढे त्रास होईल" असं सांगत असेल तर ऐकू नका. ओढल्याने चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी आणखी आवळते.

## मग साबण जास्त लावला तर?

हा प्रश्न हमखास येतो आणि इथेच चांगली चांगली माणसं चुकतात.

आपल्या कातडीचा गुण किंचित आंबट असतो. आम्लता मोजायच्या पट्टीवर साडेपाचच्या आसपास. साबणाची साधी वडी नऊ-दहाच्या घरात, म्हणजे चांगलीच क्षारीय. हातापायाची जाड कातडी ते सोसते, शिश्नाच्या टोकाची नाजूक कातडी सोसत नाही. जांघेला आणि बाहेरच्या भागाला दिवसातून एकदा सौम्य साबण चालेल. कातडीच्या आत नुसतं पाणी पुरतं. दिवसातून चार-चार वेळा साबणाने घासणाऱ्यांची कातडी कोरडी पडते, लाल होते, चिरते. ती आग बघून त्यांना वाटतं की अजून साफ झालेलं नाही, आणि ते आणखी घासतात.

जखम धुवायचं जंतुनाशक बादलीत ओतून तिथे लावणारेही मी पाहिलेत. कातडी अक्षरशः भाजलेली असते. डिओ, अत्तर, सुगंधी पावडर यांचं तर नावच नको. भिंतीला ओल आली की आपण वरून रंग मारत नाही, गळती कुठे आहे ते आधी शोधतो. इथेही तसंच करायला हवं.

आणि ती जाहिरातीतली बाटली? ती विष नाही. साबणापेक्षा सौम्य, सुगंध घातलेलं एक धुण्याचं द्रव्य आहे. पण बुरशीवर ती औषध नाही, जिवाणूंच्या संसर्गावर नाही, आणि साध्या घामासाठी नळाचं पाणी पुरेसं असतं. माझ्या दुकानात ती मिळते. तरी त्या मुलाला मी ती दिली नाही.

## पावसाळा, दुचाकी आणि करगोटा

पुण्यात वासाच्या तक्रारी जूनपासून वाढतात, हा माझा दुकानातला अनुभव. रेनकोटची पँट वरून पाणी अडवते तशी आतली वाफही अडवते. ओल्या सीटवर बसून तासभर गाडी चालवायची आणि मग दिवसभर त्याच कपड्यांत ऑफिस. बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी चड्डी ठेवा. पोचलात की बदला. ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसरं काही करावंच लागलं नाही.

कपडा सुती आणि सैलसर हवा. रोज बदलायचा, आणि घाम जास्त येत असेल, जिम किंवा तालमीला जात असाल, तर दोनदा. लंगोट घाम मुरलेलाच खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचा, हे बंद करा. पावसाळ्यात कपडे वाळत नसतील तर इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर आणि इलॅस्टिकच्या पट्टीवर. ओल तिथेच लपून राहते. अंग पुसायला जाड टॉवेलपेक्षा आपला पातळ सुती पंचा बरा, कारण तो लवकर वाळतो. तो एकट्याचाच असावा.

करगोट्याबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं, कारण अनेकांची त्यावर श्रद्धा असते. पण कंबरेचा दोरा कायम ओला राहतो आणि बुरशी त्यात ठाण मांडून बसते. जांघेत खाज असेल तर निदान बरं होईपर्यंत तो काढा आणि पुढे नवा बांधा. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील तर आधी मोजे घाला, मग चड्डी. नाहीतर पायातून चड्डी वर घेताना तीच बुरशी जांघेपर्यंत जाते.

केस कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक केलेत तरी पुष्कळ. वस्तऱ्याने गुळगुळीत करण्याच्या नादात मुळांशी पुळ्या उठतात.

पन्नाशीपुढच्या अनेकांचा त्रास घामाचा नसून लघवीचा असतो. उठल्यावर, चालायला लागल्यावर दोन-चार थेंब गळतात, कपड्यात मुरतात, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो उग्र वास येतो. लघवी झाल्यावर घाई करू नका. वृषणांच्या मागच्या भागावर बोटांनी हलका दाब देत पुढे आणलं की नळीत अडकलेले थेंब बाहेर येतात, मग टिपून घ्या. धार बारीक झाली असेल, रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, तर प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, तपासून घ्या.

खाण्याचाही थोडा भाग असतो. लसूण, कांदा, मेथी यांचा वास घामात आणि लघवीत उतरतो. त्यासाठी मेथीची भाजी सोडायची काही गरज नाही.

## वासासोबत खाज, लाली किंवा स्राव असेल तर

इथून पुढे घरगुती उपाय संपतात.

जांघेत गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा हा बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. आपल्याकडे अशा वेळी लोक दुकानात येऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात आणि त्यांना बुरशीचं, जिवाणूंचं औषध आणि स्टेरॉइड यांची मिसळ असलेली ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? चोर घरातच आहे आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याला बांधून ठेवलंय. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबतं, म्हणून खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन परततो. महिनोन्‌महिने लावली तर जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. अशा ट्यूबा सुरुवातीच्या वर्षांत मीही डॉक्टरांची चिठ्ठी न मागता दिल्या आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आता तर नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी भारतभर पसरली आहे. 2020 साली संशोधकांनी तिला नाव दिलं ते भारतावरूनच: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. म्हणून नायट्याला त्वचारोगतज्ज्ञच हवा, औषध सांगितलेले सगळे आठवडे घ्यायला हवं, आणि घरात आणखी कोणाला असेल तर त्यांचेही उपचार त्याच वेळी व्हायला हवेत.

चट्टा तपकिरी, फारशी खाज न येणारा असेल तर तो बुरशीचा नसून जिवाणूंचाही असू शकतो. डॉक्टर एका खास दिव्याखाली बघतात, तेव्हा तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. त्याचं औषध वेगळं. ट्यूब अंदाजाने का घेऊ नये, हे यावरून लक्षात येईल.

दुसरी गोष्ट माझ्या मते या सगळ्या लेखात सगळ्यात महत्त्वाची आहे. टोकाची कातडी लाल होणं, पांढरा थर, चुरचुर आणि कुबट वास, हे पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या अंगावर एरवीही थोडीफार असते. साखर वाढली की ती लघवीत उतरते, आणि साखरेचा डबा उघडा राहिला की मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. कातडीला बारीक चिरा पडून ती हळूहळू आवळत जाणं हे अनेक पुरुषांत मधुमेहाचं पहिलं लक्षण असतं. माझ्याकडे एक गृहस्थ वर्षभर दर महिन्याला तेच मलम न्यायचे. शेवटी मी हट्टाने त्यांना साखर तपासायला लावली. उपाशीपोटी 240 निघाली.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या आहेत. मार्च 2025 मध्ये त्यांतल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं, किंमत एकदम खाली आली आणि आता पुष्कळ लोक ती घेतात. पण साखर तिथून बाहेर जाते म्हणून बुरशीचा धोका वाढतो, हे त्यांतल्या अनेकांना कोणी सांगितलेलं नसतं. गोळी मनाने बंद करू नका. लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपून घ्या आणि लाली आली तर डॉक्टरांना सांगा. क्वचित, अगदी क्वचित, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात भयंकर दुखणं, सूज आणि ताप येतो. तेव्हा रात्र असो की दिवस, थेट हॉस्पिटल.

आणि साठीकडे झुकलेल्यांसाठी: कातडी मागे जात नाही, आतून घाण वासाचा स्राव येतो, गाठ किंवा न भरणारी जखम आहे, तर तीन-चार आठवड्यांच्या वर थांबू नका. शिश्नाचा कर्करोग असा सुरू होऊ शकतो. वेळेत सापडला तर बरा होतो. लाजेपायी माणसं फार उशिरा पोचतात.

## "माझे कोणाशीच संबंध नाहीत, मग इन्फेक्शन कसं?"

नायटा टॉवेलवरून येतो, कॅन्डिडा साखरेवर वाढतो, घामाला तर काहीच निमित्त लागत नाही. त्यामुळे नवऱ्याच्या जांघेत चट्टा दिसला म्हणून घरात संशयाचं वातावरण करू नये.

पण लघवीच्या जागेतून पू किंवा स्राव येत असेल, जळजळ होत असेल, फोड किंवा जखम असेल आणि संबंध आलेला असेल, तर लैंगिक संसर्गाची तपासणी करायलाच हवी. उपचार दोघांनी एकत्र घ्यायचे, नाहीतर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. बायकोला मासळीसारख्या वासाचा स्राव वारंवार होत असेल तर आजवर औषधं फक्त तिलाच दिली जायची. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा तिचा त्रास परत येण्याचं प्रमाण बरंच घटलं. इतकी वर्षं एकट्या बाईवर येणारा दोष त्यामुळे थोडा तरी हलका होईल, असं मला वाटतं.

सुंता केली की प्रश्न मिटतो का, असंही विचारतात. कातडीखालचा मळ जमत नाही हे खरं, पण जांघेतला घाम, नायटा, लघवीचे थेंब आहेत तिथेच राहतात. कातडी आवळली असेल किंवा संसर्ग परत परत होत असेल तर सर्जन सुचवतील. नुसत्या वासासाठी शस्त्रक्रिया कशाला?

## वास येतोय की येतोय असं वाटतंय?

काही मुलं येतात ती दिवसातून पाच वेळा धुऊन, तीन चड्ड्या बदलून. लिफ्टमध्ये कोणी नाकाला हात लावला की यांना वाटतं आपलाच वास. वर्गात शेवटच्या बाकावर, लग्नात कोपऱ्यात. त्वचेच्या डॉक्टरांना काही सापडत नाही, घरच्यांना वास येत नाही, तरी खात्री जात नाही. हा खोटेपणा नाही. आपल्याला दुर्गंधी येते असं सतत वाटत राहण्याचा हा एक ओळखीचा मानसिक त्रास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर उपचार आहेत. अशा मुलाला "काही नाही रे, तुझा भास आहे" म्हणून परत पाठवू नका. त्याचं आयुष्य त्या भीतीभोवती आवळत चाललेलं असतं.

## डॉक्टरकडे जाऊन बोलायचं काय?

'गुप्तरोग' या शब्दानेच निम्मं नुकसान केलंय. भिंतीवर, रिक्षाच्या मागे त्या नावाचे कागद चिकटवणाऱ्यांकडे जाऊ नका. खाज, चट्टा, स्राव यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. कातडी आवळलेली किंवा लघवीचा त्रास यासाठी यूरॉलॉजिस्ट. पैशाची अडचण असेल तर ससूनची त्वचारोग ओपीडी आहे. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि 1097 या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

आत गेल्यावर चार गोष्टी सांगा: वास कधीपासून आहे, सोबत खाज किंवा स्राव आहे का, घरात साखर कोणाला आहे, आणि आतापर्यंत काय काय लावलंत. शेवटचं लपवू नका. लावलेल्या ट्यूबा सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. जाण्याच्या आधी दोन दिवस मलम लावू नका, म्हणजे चट्टा खरा दिसेल. तपासणी दोन-तीन मिनिटांची असते. गरज पडली तर कातडी किंचित खरवडून घेतात, लघवी आणि रक्त तपासतात.

तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून न्या. माझ्या काउंटरवर अशा चारदा घडी घातलेल्या चिठ्ठ्या येतात, मी त्या उलगडून वाचतो आणि हळूच उत्तर देतो. डॉक्टरही वाचतात.

तो मुलगा पंधरा दिवसांनी ओआरएसचं पाकीट घ्यायला आला होता. सुती अंडरवेअर सहा झाल्या होत्या आणि खोलीतल्या सहा जणांनी वर्गणी काढून एक इस्त्री घेतली होती.